कुंदाताईंचा सुट्टीचा तक्ता

"तुमच्याकडे फूटपट्टी आहे का हो?"

कुंदाताई रामटेके माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मे महिन्यातला रविवार होता, सकाळचे सात वाजत होते. दार उघडलं तर समोरच्या फ्लॅटमधल्या बाई उभ्या. साडी नेसून, घट्ट वेणी घालून, मनगटाला घड्याळ लावून तयार. रविवारी सकाळी सातला घरातल्या घरात घड्याळ लावून फिरणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. मी डोळे चोळत म्हटलं, फूटपट्टी काही नाही बाई माझ्याकडे.

"मग लाटणं द्या. सरळ असेल तर."

"तुमच्याकडे लाटणं नाही?"

"आहे ना बाप्पा. पण वाकडं आहे. पोळीला चालते, रेघेला नाही."

मी लाटणं दिलं आणि कुतूहल आवरेना म्हणून त्यांच्यामागोमाग आत गेले. बाहेरच्या खोलीत फरशीवर एक भलामोठा कागद पसरला होता. सरकारी कचेऱ्यांत तेव्हा नुकते कॉम्प्युटर आले होते, त्यांचा तो लांबलचक, दोन्ही कडांना भोकं असलेला कागद. एका बाजूला छापलेला, दुसरी बाजू कोरी. "ऑफिसातून आणलाय. रद्दीतला. साहेबांना विचारून," त्यांनी मी न विचारताच खुलासा केला. कागद पंख्याने उडू नये म्हणून एका टोकाला डाळीचा डबा, दुसऱ्या टोकाला पोह्यांचा, तिसऱ्यावर नऊ वर्षांचा मिलिंद आणि चौथ्यावर तेरा वर्षांची सुजाता, अशी दोन्ही मुलं बसवली होती. मिलिंद पेंगत होता. सुजाता मात्र आईच्या हाताकडे बघत होती, काय लिहिलं जातंय ते नीट वाचत होती.

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन पुण्याहून नोएडाला आले त्याला चार महिने झाले होते. यांची नोकरी एका नव्या टीव्हीच्या कारखान्यात, आणि मी दिवसभर तिसऱ्या मजल्यावर. त्या वेळचं नोएडा म्हणजे नुसते आकडे: अमुक सेक्टर, तमुक ब्लॉक, एवढ्या नंबरचा फ्लॅट. आमच्या जिन्यातले निम्मे फ्लॅट कुलपात होते. खाली वाळूचे ढीग, पलीकडे अर्धे बांधलेले खांब, दुपारी लू, तो उन्हाळ्यातला भाजणारा वारा, सुटली की खिडक्यांच्या फटींतून पीठ यावं तशी धूळ यायची. करायला काही नव्हतं आणि बोलायला कोणी नव्हतं. त्यामुळे समोर मराठी बिऱ्हाड आलंय म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण कुंदाताईंशी गप्पा मारणं म्हणजे चालत्या बसमध्ये चढणं होतं. एक वाक्य उंबऱ्यात, दुसरं स्वयंपाकघरात, तिसरं गॅलरीत, आणि चौथं बोलायच्या आत त्या घड्याळ बघायच्या.

त्या एका मंत्रालयात असिस्टंट होत्या. रामटेकेसाहेबही केंद्र सरकारातच होते. दीड वर्षापूर्वी ऑफिसात छातीत दुखायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत गेले. दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर त्यांच्या नावावर होतं. तिथे खालीवर, डावीउजवीकडे ओळखीची माणसं, नागपूरकडची चार घरं, ऑफिस वीस मिनिटांवर. मुलं शाळेतून आली की कोणाच्याही घरी जेवायची. ते क्वार्टर सोडावं लागलं, आणि साहेबांनी हयातीत हौसेने बुक केलेला हा नोएडाचा फ्लॅट ताब्यात आला. आता ऑफिसला जायला चार्टर्ड बस. सकाळी आठ दहाला निघायचं, यायला संध्याकाळचे सात. शाळा होती तोवर भागलं. सुट्टी लागली आणि मुलं दिवसभर घरात एकटी.

"तक्ता कशाला एवढा मोठा?" मी विचारलं.

"भाऊजींना दाखवायचा आहे. जूनच्या शेवटी येऊन राहिले." रेघ मारताना त्या मान वर न करता बोलत होत्या. भाऊजी म्हणजे त्यांचे थोरले दीर, नागपूरला हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. त्यांचं पत्र आलं होतं: मुलांना इकडे पाठव, सुट्टीपुरतं नाही, शाळेसकट. तुझ्याच्याने एकटीने होणार नाही. "मी लिहिलं, तुम्ही स्वतः या. चार दिवस राहून बघा. घर चाललं नाही, तर घेऊन जा पोरांना, मी एक शब्द बोलणार नाही. चाललं, तर माझी पोरं माझ्याजवळ राहतील."

मुलं ऐकत होती. मला ते बरं वाटलं नाही. पण कुंदाताईंच्या घरी मुलांपासून काही लपवायची पद्धत नव्हती.

तक्त्यात सहा रकाने होते: काम, वेळ, कोणी, लिंक ऑफिसर, सही, शेरा. लिंक ऑफिसर म्हणजे काय ते त्यांनीच मला समजावलं. सरकारात कोणी रजेवर गेलं तरी त्याचं काम थांबत नाही, त्याच्या जागी कोणी बघायचं ते आधीच नेमलेलं असतं. तो लिंक ऑफिसर. म्हणून इथे मिलिंदचं काम अडलं तर ते सुजाताने करायचं, सुजाताचं अडलं तर मिलिंदने. बूथवरून दूध आणणं, नळाला पाणी येईल तेव्हा बादल्या भरणं, कूलरची टाकी भरणं, कुकर लावणं, गॅसचा रेग्युलेटर बंद करणं, दाराची साखळी, धुळीची आंधी दिसली की गॅलरीतले कपडे आत घेणं. आणि मध्येच एक ओळ, "दुपारी दोन ते तीन: कंटाळा. दोघांनी."

"हे काय?"

"कंटाळा येतोच ना? मग त्याला वेळ दिलेला बरा. नाही तर दिवसभर येते."

काम झालं की सही करायची. मिलिंदने निळ्या शाईने, सुजाताने काळ्या. रात्री कुंदाताई तपासणार आणि हिरव्या शाईने सही करणार. हिरवी शाई त्यांनी बाजारातून मुद्दाम आणली होती. "ऑफिसात हिरवी शाई फक्त वरच्या साहेबांना. मला या जन्मी मिळत नाही. घरी कोण अडवते?" असं म्हणून त्या हसल्या. हसल्या की वीस वर्षांनी लहान दिसायच्या, पण तेवढा वेळ कोणाला होता? लगेच, "चला, खळ करा," म्हणून उठल्या.

"खळ मतलब?" मिलिंदने विचारलं.

"कणीक शिजवून चिकटवायला करतात ती. दिल्लीची पोरं बाप्पा, काहीच माहीत नाही!"

तक्ता फ्रीजशेजारच्या भिंतीवर लागला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या जिन्यात मंत्रालय सुरू झालं.

फोन त्या मजल्यावर फक्त आमच्याकडे होता, कंपनीचा. कुंदाताईंनी एकदाच विचारलं, आणि मी भिडेखातर हो म्हणून बसले. सकाळी अकराला आणि दुपारी तीनला ऑफिसातून फोन यायचा. त्याच्या पाच मिनिटं आधीच मिलिंद आमच्या कोचावर येऊन हात मांडीवर ठेवून बसलेला असायचा. घंटा वाजली की उचलून एका दमात: "गॅस बंद. दार बंद. पाणी फुल. ताईने भात केला. सगळं ठीक." पलीकडून काय विचारलं जायचं कोण जाणे, पण तो प्रत्येक वेळी ताठ उभा राहून उत्तर द्यायचा. मला हसू यायचं आणि रागही यायचा. दुपारी अडीचला जरा डोळा लागावा, तर दाराशी हे राजश्री हजर.

तोंडी तक्रार कुंदाताई ऐकत नसत. "लिहून दे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मुलंही तयार. मिलिंदने एकदा अर्ज दिला, तो मी स्वतः वाचला आहे. "विषय: कूलर ताईने भरण्याबाबत. महोदया, बादली बहुत भारी आहे आणि मी लहान आहे." त्यावर हिरवा शेरा: "बादली अर्धी भरावी. दोन फेऱ्या माराव्यात." खाली सही, तारीख.

मग अर्जदाराने निराळा मार्ग काढला. टाकी न भरताच सही ठोकायला सुरुवात केली. दोन दिवस निभावलं, तिसऱ्या दिवशी कूलरचा पंप कोरडा चालून जळाला. घरभर वास. बाहेर पंचेचाळीस डिग्री. मला वाटलं आता पोराला चोप मिळणार. मी मध्ये पडायच्या तयारीने गेले, तर कुंदाताई स्टुलावर चढून कूलरची जाळी काढत होत्या आणि मिलिंद खाली टॉर्च धरून उभा होता. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी.

"मारलंत?"

"मारून पंप चालू होते काय?" त्या वरूनच म्हणाल्या. "स्पष्टीकरण मागितलं आहे. लेखी."

ते स्पष्टीकरण तक्त्याच्या शेऱ्यात कित्येक दिवस होतं: "मी खोटी सही केली कारण सही करणे सोपे आहे." कुंदाताईंनी ते मला बोटाने दाखवलं. "मेधा, पंधरा वर्षं नोकरी करून राहिली मी, इतकं खरं स्पष्टीकरण मी अजून एका फाइलीत पाहिलं नाही." त्यांना पोराचा अभिमान वाटत होता! पुढच्याच क्षणी घड्याळ बघून त्या भाजी चिरायला पळाल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी नवा पंप बसवून झाला होता, आणि त्यानंतर मिलिंदने टाकी भरल्याशिवाय सही केली नाही.

सुजाताचं नाव शेऱ्याच्या रकान्यात कधी येत नसे. शेरा मारण्यासारखं ती काही करायचीच नाही. मिलिंदने कामं टाकली की लिंक ऑफिसर म्हणून ती करायची आणि काळ्या शाईने सही करायची. जूनच्या मध्यापर्यंत त्या तक्त्यावर काळी शाई निळीच्या दुप्पट झाली होती. मला ते दिसत होतं. कुंदाताईंनाही दिसत असणार. पण त्यांना तेव्हा एकच तारीख दिसत होती, भाऊजींच्या गाडीची.

माझा आणि त्यांचा खटका उडाला तो याच सुमाराला. एके दिवशी साखर मागायला गेले, तर तक्त्याच्या तळाशी नवी ओळ. काम: आई. वेळ: सकाळी आठ ते संध्याकाळी सात. लिंक ऑफिसर: मेधामावशी.

माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी त्या जिना चढत असतानाच मी गाठलं. "ताई, मला न विचारता माझं नाव लावलंत? मी काय तुमच्या ऑफिसातली कारकून आहे? आणि आई हे काय काम आहे, वेळ टाकून वाटून द्यायला?"

त्या दोन पायऱ्या खाली होत्या, हातात भाजीची पिशवी, पदर घामाने चिकटलेला. "सॉरी," त्या म्हणाल्या. "मिलिंदने विचारलं होतं, सगळ्यांना लिंक ऑफिसर आहे, तुला का नाही? मला उत्तर सुचलं नाही. तुझंच नाव आलं तोंडात. उद्या खोडून टाकते."

"राहू द्या आता," मी फणकारले आणि दार लावून घेतलं. आत येऊन यांच्यावर चिडले, मग पोळ्या करपवल्या. मला राग नाव लावल्याचा नव्हता. आपल्याला कोणी एवढं धरून चालावं याची मला सवय नव्हती, आणि भीती वाटली होती.

ती ओळ तशीच राहिली. आठवड्याभराने, भर दुपारी बाराच्या सुमारास दार वाजलं. सुजाता होती. चेहरा पांढरा, ओढणी कमरेभोवती घट्ट गुंडाळलेली. "मावशी, आई ऑफिसमध्ये आहे," ती म्हणाली. "चार्टवर तुमचं नाव आहे, म्हणून आले."

मला एका नजरेत कळलं. पोरीला पहिल्यांदा पाळी आली होती. मी तिला आत घेतलं, काय लागतं ते दिलं, समजावलं, गरम दूध केलं. माझ्या आईने मला समजावलं होतं तेवढंच मला येत होतं. ती सगळं लक्ष देऊन ऐकत होती, जणू हेही तक्त्यावर चढवायचं आहे. मी म्हटलं, आईला फोन लावू? तर घाईघाईने म्हणाली, "नको, नको. आज तिची मीटिंग आहे. ती टेन्शन घेईल यार मावशी."

तीन वाजता घंटा वाजली. त्या दिवशी फोन सुजाताने घेतला. मी समोरच उभी होते. "गॅस बंद. दार बंद. पाणी फुल," ती म्हणाली. "हो आई. सगळं ठीक." आणि फोन ठेवून, पोटाशी हात धरून, कुकर घासायला गेली. मला त्या क्षणी त्या तक्त्याचा मनस्वी संताप आला.

संध्याकाळी कुंदाताईंना मी जिन्यातच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "किती वाजता?"

"बाराला."

"आणि तीनला ती मला सगळं ठीक म्हणाली?"

"हो."

कठड्यावरचा त्यांचा हात तसाच राहिला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलं." मग आवाज खाली आणून, "भाऊजींना कळू देऊ नको मेधा. पोरगी मोठी झाली, घरात एकटी कशी ठेवते म्हणतील. मग काही ऐकायचे नाहीत." त्या आत गेल्या. त्यांनी तिला जवळ घेतलं असेल, रडल्या असतील, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तक्त्यावर सगळ्या कामांपुढचं सुजाताचं नाव कापून तिथे हिरव्या शाईने "आई" लिहिलेलं होतं. आणि त्यावर काट मारून, बाजूला काळ्या शाईने नियमाप्रमाणे सही करून, सुजाताने पुन्हा आपलं नाव घातलं होतं.

भाऊजी आले. मी डोळ्यांसमोर एक कडक म्हातारा रंगवून ठेवला होता. निघाले मऊ आवाजाचे, किडकिडीत गृहस्थ. सगळ्यांना "जय भीम" करत आले, पुतणीसाठी मोठ्या आईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, पाठवलेल्या कुरड्यांचा डबा कापडी पिशवीतून जपून काढला. मग चष्मा लावून त्यांनी तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. "कंटाळा" या ओळीपाशी थांबून मिलिंदकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी कुंदाताईंना ऑफिसला जायला लावून ते स्वतः कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसले. "मी नाही असं समजा," एवढंच म्हणाले. अकराचा फोन झाला, तीनचा झाला. चारच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ पिवळं होत आलं आणि आंधी उठली. मी माझ्या खिडक्या लावेपर्यंत निम्मी वाळू घरात आली होती. समोर जाऊन पाहते तो खिडक्या बंद, कपडे आत, कूलरवर चादर, गॅलरीतली कुंडी दाराआड. मिलिंद सही करत होता. सुजाता मोठ्या बाबांच्या, म्हणजे भाऊजींच्या, पुढ्यात चहा ठेवत होती. त्यांच्या हातातलं वर्तमानपत्रसुद्धा हललं नव्हतं.

रविवारी आम्हा दोघांना तिथे जेवायला बोलावलं होतं. कुंदाताईंनी पहाटे उठून पाटोडीचा रस्सा केला होता. जेवणाआधी भाऊजी उठले, तक्त्यापाशी गेले, हिरवं पेन मागून घेतलं आणि शेऱ्यात लिहिलं, "अत्यंत समाधानकारक." खाली लफ्फेदार सही. "कुंदा, माझं चुकलं," ते म्हणाले. "एवढं घर तर आमच्याकडे पाच मोठी माणसं असून चालत नाही. पोरं इथंच राहू दे."

कुंदाताईंच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, इतकं त्यांना भरून आलं होतं. त्यांनी माझ्याच ताटात दोन पाटोड्या जास्त घातल्या.

सुजाता वाढत होती. ती म्हणाली, "मोठे बाबा, मी येऊ तुमच्याबरोबर?"

"ये ना पोरी. चार दिवस राहा, मग मी आणून सोडतो."

"चार दिवस नाही. शाळेसाठी."

मग कुंदाताईंनी विचारलं, "काहून?"

"इथे काही खराब नाहीये आई. बिल्कुल नाही." तिच्या हातात रश्शाची पळी होती, ती तिने पातेल्यात ठेवली. "पण तिथे मी मोठी नसते."

नागपूरला तिच्याहून मोठ्या दोन चुलत बहिणी होत्या, मोठी आई होती, आजी होती. भाऊजी गडबडले. "अगं, पण मी आत्ताच सही केली ना?"

"केली ना. घर चालतं म्हणालात ना?" ती अगदी शांतपणे म्हणाली. "माझ्याशिवाय पण चालेल. माझ्या प्रत्येक कामाला लिंक ऑफिसर आहे."

मिलिंदने घास तोंडातच ठेवून आईकडे पाहिलं. "मी नाही जाणार," तो म्हणाला. "मी आईजवळ." मला त्या पोरीचा इतका राग आला की वाटलं, तिच्या एक थोबाडीत द्यावी. आई सहा आठवडे जिवाचं रान करत होती ते कोणासाठी? आणि त्याच वेळी मला बाराच्या उन्हात दाराशी उभी असलेली तीच पोरगी दिसत होती.

कुंदाताई म्हणाल्या, "शाळेतून दाखला काढावा लागेल. मी उद्या अर्धी रजा टाकते." आणि यांना म्हणाल्या, "तुम्ही भात घ्या ना."

पुढचे तीन दिवस त्या घरात नुसती धावपळ. दाखला, युनिफॉर्मचं कापड, गाडीचं रिझर्वेशन. कुंदाताई सरोजिनी नगरच्या बाजारातून तिच्यासाठी चार सलवार-कुर्ते घेऊन आल्या, एक मापात बसेना म्हणून भर उन्हात पुन्हा जाऊन बदलून आणला. मला राहवेना. जिन्यात गाठून म्हटलं, "ताई, तुम्ही तिला अडवत का नाही? तुम्ही एकदा म्हणालात तर ती राहील."

"राहीलच," त्या म्हणाल्या. "ऐकणारी पोरगी आहे माझी. म्हणून तर म्हणत नाही."

मग मला म्हणाल्या, "स्टेशनवर येशील ना? मिलिंद एकटा परत यायला नको." मी म्हटलं, एकटा कशाला? तुम्ही आहात की. त्या घड्याळ बघून वर गेल्या. त्यांच्या मनात तेव्हा काही होतं की नुसतंच तोंडून गेलं, हे मी कितीदा आठवून बघितलंय.

त्यानंतर वर्षभर आम्ही समोरासमोर राहिलो. मग यांची बदली झाली आणि आम्ही ते शहर सोडलं. सुजाता सुट्ट्यांना यायची, हसायची, मिलिंदशी भांडायची. कुंदाताईंच्या शेकडो खेपा मी जिन्यावर पाहिल्या. पण आठवायला गेलं की समोर येते ती नवी दिल्ली स्टेशनवरची दुपार.

कुंदाताईंनी आम्हा तिघांची प्लॅटफॉर्म तिकिटं रांगेत उभं राहून काढली होती आणि तपासणीला लागतील म्हणून मुठीत धरली होती. सामान त्यांनी स्वतः चढवलं. बॅग सीटखाली सरकवली, साखळीने बांधली, पाण्याची बाटली अडकवली, डबा भाऊजींच्या हातात दिला, पोळ्या वर आहेत, लोणचं खाली आहे, हे दोनदा सांगितलं. मी आणि मिलिंद खाली खिडकीशी उभे होतो. सुजाता खिडकीजवळ बसली होती. तोवर एकदाही न रडलेली ती मुलगी अचानक आईच्या मनगटाला धरून म्हणाली, "आई, तू जरा बस ना माझ्याजवळ."

कुंदाताई बसल्या. त्यांनी तिला कुशीत ओढलं. पोरगी लहान बाळासारखी हुंदके देऊ लागली, आणि त्या तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. शिट्टी झाली. भाऊजी म्हणाले, "कुंदा, चल, उतर आता." दुसरी शिट्टी झाली. गाडीने हिसका दिला.

"मावशी," मिलिंदने माझा पदर ओढला, "आई उतरत नाहीये."

मी खिडकीचे गज धरून चालायला लागले. "ताई! उतरा! गाडी सुटली!" पुढचं स्टेशन मथुरा, दोन तासांवर. हातात फक्त प्लॅटफॉर्म तिकिटं, दुसऱ्या दिवशी ऑफिस. कुंदाताईंनी मला ऐकलं. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मिलिंदकडे पाहून हात वर केला, आणि तोच हात परत सुजाताच्या डोक्यावर ठेवून त्या बसल्या होत्या तिथेच बसून राहिल्या.